सोन्याचे कण, पेगचा लेप आणि सीटी: खरं काम कुठे आहे

सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून जे द्रावण देतात ते कॉन्ट्रास्ट; इथे ते पेगचा, म्हणजे एका पॉलिमरचा, लेप लावलेल्या सोन्याच्या कणांचं बनवायचंय. एक्स-रेला कण दिसत नाहीत, वजन दिसतं. किरणांच्या वाटेत किती मिलिग्रॅम जड धातू आला, एवढंच ते मोजतात. तो धातू १६ नॅनोमीटरच्या कणांत आहे की विरघळलेल्या क्षारात, याचं त्यांना काही नाही. कण बनवण्याचा खटाटोप करायचा तो शरीरासाठी: औषध रक्तात जास्त वेळ टिकावं, ऊतींत लगेच झिरपू नये, हव्या त्या जागी पोचावं. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर महिनोन्‌महिने सुंदर लाल द्रावणं तयार होतात आणि सीटीवर त्यातलं एकही उमटत नाही.

साधा हिशेब आधी मांडू. १९५१ साली तुर्केविच आणि सहकाऱ्यांनी दिलेली आणि १९७३ मध्ये फ्रेन्सने आकारानुसार बसवलेली सायट्रेटने सोन्याचे कण बनवायची पद्धत आजही सगळीकडे चालते. तीत गोल्ड क्लोराइड ०.०१ टक्का असतं. म्हणजे लिटरभर द्रावणात सोनं फक्त ५० मिलिग्रॅम, मिलिलिटरला ०.०५. आता सीटीची बाजू बघा. १२० केव्हीपीवर (एक्स-रे ट्यूबचं कमाल व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आयोडीनमागे साधारण २५ हाउन्सफील्ड युनिट (सीटीच्या चित्रातल्या उजळपणाचं माप) मिळतात आणि सोनं त्याच्याच आसपास असतं. मग आपलं द्रावण जेमतेम १ युनिट देणार. मशीनच्या नॉइजमध्ये ते बुडून जातं.

आता उंदीर. २५ ग्रॅमच्या उंदरात रक्त जवळपास २ मिलिलिटर. रक्तवाहिन्या ठळक दिसायला रक्तात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम सोनं हवं, म्हणजे एकूण १० मिलिग्रॅम. शेपटीच्या शिरेतून २०० मायक्रोलिटरच्या वर जायचं नाही, तेही सावकाश. त्यामुळे इंजेक्शनचं द्रावण मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचं लागतं. ०.०५ वरून ५० वर. हजारपट दाट करायचं, कण एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत आणि पुढे ते रक्तातही चिकटता कामा नयेत. लेप लागतो तो यासाठी.

धातू आणि व्होल्टेज

रुग्णालयातलं नेहमीचं कॉन्ट्रास्ट आयोडीनचं. त्याची के-एज, म्हणजे जिथे शोषण एकदम उसळी घेतं ती फोटॉनची ऊर्जा, ३३.२ केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) येते, सोन्याची ८०.७ केईव्हीला. ६० केईव्हीवर आयोडीनचा वस्तुमान क्षीणन गुणांक (वजनामागे किरणं किती अडतात ते) ग्रॅममागे सुमारे ७.६ चौरस सेंटिमीटर आणि सोन्याचा ४.५. १०० केईव्हीवर चित्र उलटतं: सोनं ५.१६, आयोडीन १.९४. म्हणजे 'सोनं आयोडीनपेक्षा सरस' हे वाक्य व्होल्टेज सांगितल्याशिवाय अर्थहीन आहे. ८० केव्हीपीला ट्यूबमधून निघणारे सगळेच फोटॉन सोन्याच्या के-एजच्या खाली राहतात आणि आयोडीन पुढे निघून जातं. १२० ला दोघं जवळजवळ बरोबरीत येतात. सोन्याचा फायदा खऱ्या अर्थाने १४० ला आणि जाड शरीरात दिसतो, कारण तिथे बीममधले कमी ऊर्जेचे फोटॉन आधीच गळून गेलेले असतात.

लेख वाचताना इथे एक चलाखी पकडावी लागते. तुलना 'समान मोलर सांद्रते'ला दाखवली असेल तर सोन्याला दीडपट वजनाची मोफत आघाडी मिळालेली असते, कारण सोन्याचा अणू १९७ चा आणि आयोडीनचा १२७ चा. आम्ही तुलना नेहमी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम ठेवतो आणि आयोहेक्सॉल या आयोडीनच्या कॉन्ट्रास्टच्या बाटलीवर लिहिलेला आकडा हा आयोडीनचा आहे, रेणूचा नाही, हे दर वेळी तपासतो.

कण

गोल्ड क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या पावसाळी हवेत बाटली उघडून तराजूवर ठेवेपर्यंत आकडा वर सरकताना दिसतो. म्हणून वजन करायचंच नाही. १ ग्रॅमची सीलबंद बाटली अख्खीच्या अख्खी पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करायची. हा झाला १ टक्क्याचा साठा, गडद काचेत ४ अंशांना ठेवायचा. लिटरमागे त्यातले १० मिलिलिटर घेतले की ०.०१ टक्का तयार. स्टीलचा चमचा किंवा सुई त्याला लावायची नाही. सोनं त्यावर बसतं आणि स्टीलमधलं लोखंड द्रावणात उतरतं. काच किंवा प्लॅस्टिकच वापरायचं.

काचसामान अम्लराजाने धुवायचं, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, फ्यूम हूडमध्ये. ते ताजंच बनवायचं आणि बंद बाटलीत कधीच साठवायचं नाही. गॅस सुटत राहतो आणि बाटली फुटते. त्यानंतर १८.२ मेगाओहमच्या अतिशुद्ध पाण्याने भरपूर विसळायचं. मागच्या बॅचचा सोन्याचा पुसट थर काचेवर राहिला तर नवे कण त्यावरच वाढू लागतात आणि आकार विखुरतो.

५०० मिलिलिटर ०.०१ टक्का द्रावण १ लिटरच्या फ्लास्कमध्ये कंडेन्सर लावून खळखळून उकळायचं आणि स्टरर जोरात ठेवायचा. त्यात १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचे १० मिलिलिटर एकदम ओतायचे. थेंबथेंब घातले तर आधीचे कण मोठे होत जातात आणि नवे जन्मतही राहतात. फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो, मग करडा-काळपट, मग जांभळा आणि काही मिनिटांत वाइनसारखा लाल. आणखी १५ मिनिटं उकळू द्यायचं आणि ढवळत ढवळतच गार करायचं. फ्रेन्सच्या प्रमाणानुसार या सायट्रेटला कण १६ नॅनोमीटरच्या आसपास येतात. सायट्रेट निम्मं केलं तर ४१ च्या जवळ जातात.

तपासणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर. शोषणाचं शिखर ५१८ ते ५२० नॅनोमीटरला हवं आणि ४०० नॅनोमीटरचं शोषण ०.६ च्या आसपास. ०.५ मिलिमोलर सोन्याला ते १.२ असतं, त्यावरून हा आकडा येतो. ०.६ पेक्षा बराच कमी आला तर सगळं सोनं क्षपित झालेलं नाही, किंवा फ्लास्कच्या भिंतीला जाऊन बसलंय. शिखर ५२५ च्या पुढे गेलं आणि उजवीकडे शेपूट उचललेली दिसली तर ती बॅच बाजूला काढायची. एकदम पाच लिटर करण्याचा मोह होतो, पण तेवढ्या भांड्यात सायट्रेट मिसळायलाच जास्त वेळ लागतो आणि आकार बिघडतो. लहान बॅच करायच्या, प्रत्येकीचा स्पेक्ट्रम बघायचा आणि मगच एकत्र करायच्या. एक नासकी बॅच बाकी सगळ्या घेऊन बुडते.

लेप

पेग म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. एका टोकाला थायॉल, दुसऱ्याला मिथॉक्सी, रेणुभार ५०००. थायॉलमधलं गंधक सोन्याला धरतं आणि बाकीची साखळी पाण्यात पसरते. किती घालायचं हे अंदाजपंचे ठरवू नये, हिशेब सोपा आहे. १६ नॅनोमीटरच्या कणाचा पृष्ठभाग सुमारे ८०० चौरस नॅनोमीटर आणि त्यात सोन्याचे अणू साधारण सव्वा लाख. म्हणजे आपल्या द्रावणात कणांची सांद्रता २ नॅनोमोलर. चौरस नॅनोमीटरला ४ साखळ्या धरल्या, ज्या प्रत्यक्षात बसतात त्याहून जास्तच आहेत, तर लिटरला ६.४ मायक्रोमोल लागतात, वजनाने ३२ मिलिग्रॅम. आम्ही दुप्पट घालतो. पेग कमी पडला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते, जास्तीचा मात्र धुऊन काढता येतो.

पेगची बाटली उणे २० अंशांना असते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव जमतं. द्रावण त्याच दिवशी करून वापरायचं. ठेवून दिलं तर थायॉल एकमेकांशी जुळून डायसल्फाइड होतात आणि सोन्याला मंद गतीने धरतात. सोन्याचं द्रावण ढवळत असताना पेग पटकन घालायचा आणि रात्रभर खोलीच्या तापमानाला हलकं ढवळत ठेवायचं.

लेप बसला का, याचा झटपट निकाल मीठ देतं. १ मिलिलिटर द्रावणात १० टक्के मिठाच्या पाण्याचे १०० मायक्रोलिटर घाला, शेवटी ते ०.९ टक्के होतं. नुसतं सायट्रेटचं सोनं बघता बघता निळं-जांभळं पडतं. नीट लेप असलेलं तासाभराने आणि दुसऱ्या दिवशीही लालच राहतं. डोळ्यावर विसंबू नका: ६५० आणि ५२० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर लिहून ठेवा. तेच गुणोत्तर पुढे दर टप्प्यावर कामी येतं.

शिखर १ ते ३ नॅनोमीटरनी लाल बाजूला सरकतं. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर, व्यास पस्तीसच्या आसपास जातो आणि झीटा पोटेन्शियल (पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) खोल ऋणातून शून्याच्या जवळ येतं. डीएलएसची एक खोड लक्षात ठेवावी: विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १६० नॅनोमीटरचा एक धुळीचा कण १६ नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा बोलतो. नमुना गाळून घेतला नाही तर आलेख कचऱ्याचा निघतो.

साखळ्या खरंच किती बसल्या, हे टीजीएवर, म्हणजे तापवता तापवता वजन मोजणाऱ्या यंत्रावर, कळतं. धुतलेला आणि वाळवलेला नमुना तापवला की पेग जळून जातो आणि सोनं उरतं. १६ नॅनोमीटरच्या कणांचं वजन १४ टक्के घटलं, तर कणामागे सुमारे ८१० साखळ्या, म्हणजे चौरस नॅनोमीटरला १. हा चांगला लेप. नीट न धुता मोजलं तर मोकळा पेगही लेपात धरला जातो आणि आकडा फुगतो. टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) पेग दिसत नाही. कणांमध्ये सारखं अंतर पडलेलं दिसलं तर लेपाची चाहूल लागते, त्याहून जास्त त्यातून काढू नये.

दाट करणं

सायट्रेटचं सोनं सेंट्रिफ्यूजमध्ये घालून दाट करायला गेलात तर तळाला काळा, न हलणारा थर मिळतो. आधी लेप, मग दाट करणं. मोठ्या आकारमानासाठी टँजेन्शियल फ्लो गाळण, म्हणजे द्रावण पडद्याला समांतर वाहवत गाळणं, बरं पडतं: १०० किलोडाल्टनची पोकळ तंतूंची गाळणी, एक लिटर आणायचं ५० मिलिलिटरवर. मग तेवढंच आकारमान राखत सात ते दहा पट पाण्याने धुवायचं. सायट्रेट आणि मोकळा पेग त्यातून निघून जातात. दाब वाढवून घाई केली की कण पडद्यावर दाबले जातात आणि पडदा जांभळा पडतो. खालून येणारं पाणी रंगहीन असलं पाहिजे, गुलाबी आलं तर कुठेतरी फट आहे.

शेवटचा टप्पा सेंट्रिफ्यूजचा. नुसत्या १६ नॅनोमीटर सोन्यासाठी कुठल्या तरी लेखातली सेटिंग उचलून लावली तर वरचं पाणी लालच राहतं. पेगमुळे कणाची सरासरी घनता कमी होते आणि घर्षण वाढतं, त्यामुळे तो हळू बसतो. २०,००० जी आणि दीड तास, १० अंशांना, इथून सुरुवात करावी. तळाशी जमतं ते घट्ट गोळ्यासारखं नसावं. काळसर लाल, तेलासारखं वाहणारं, नळी तिरकी केली की सरकणारं हवं. नळीच्या भिंतीवर सोनेरी आरसा दिसला तर लेप कुठेतरी उघडा पडलाय. ती नळी बाकीच्यांत मिसळायची नाही.

शेवटचा बफर किंवा ५ टक्के ग्लुकोज इथे घालायचं. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम सोनं असलं तरी कणांची सांद्रता फक्त २ मायक्रोमोलर असते, म्हणजे कण स्वतः ऑस्मोलॅलिटीत (द्रावणात विरघळलेल्या कणांच्या एकूण संख्येत) काहीच भर घालत नाहीत. नुसत्या पाण्यात ठेवून टोचलं तर रक्तपेशी फुटतील. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची गोष्ट बरोबर उलट: मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडीनचं आयोहेक्सॉल किलोला ८०० मिलिऑस्मोलच्या वर असतं, तर रक्त २९० च्या आसपास.

लहान कण घेतले तर काय, हा प्रश्न दर वेळी येतो. लेपाची जाडी थोडीच घटते, गाभा मात्र बराच लहान होतो. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमवर, १६ नॅनोमीटरचा गाभा आणि ३६ चा एकूण व्यास धरला तर कण द्रावणाची ३ टक्के जागा व्यापतात. ५ नॅनोमीटरचा गाभा आणि २० चा व्यास धरला तर १७ टक्के. द्रावण जास्त घट्ट होतं आणि बारीक सुईतून सहज जात नाही.

गाळण ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस गाळणीतून. ऑटोक्लेव्ह नको, तेवढ्या उष्णतेला गंधक-सोन्याचा धागा सुटू लागतो. फ्रीजरही नको. बर्फ होताना कण उरलेल्या पाण्यात ढकलले जातात आणि चिकटतात. ४ अंशांना, अंधारात ठेवायचं आणि प्रत्येक वापराआधी मिठाची चाचणी पुन्हा करायची, कारण महिन्यांच्या ओघात गंधक ऑक्सिडाइज होऊन लेप विरळ होत जातो.

सोनं चाचण्यांत लुडबूड करतं

एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी, ५७० नॅनोमीटरला वाचतात आणि सोन्याचं शिखर ५२०. पेशींना चिकटलेलं सोनं स्वतःच शोषण दाखवतं आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशींशिवाय कण आणि एमटीटीशिवाय कण दिलेल्या पेशी, असे दोन्ही कंट्रोल हवेतच. एंडोटॉक्सिन म्हणजे जीवाणूंच्या कवचातलं ताप आणणारं विष; त्याच्या एलएएल चाचणीच्या रंग मोजणाऱ्या प्रकाराचंही तेच. म्हणून ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ५० ते २०० टक्के परत मिळतं का, ते बघायचं. न मिळाल्यास नमुना आणखी पातळ करायचा. शिरेतून द्यायच्या औषधाची मर्यादा किलोला तासाला ५ युनिट आहे. एंडोटॉक्सिन बहुधा कणांतून नव्हे, पाण्याच्या कॅनमधून आणि गाळणीच्या नळ्यांतून येतं. काचसामान २५० अंशांना अर्धा तास भाजलं तर निम्मी काळजी मिटते. अम्लराजाने धुतलं म्हणून ते एंडोटॉक्सिनमुक्त झालं असं धरू नये.

सीरममध्ये ३७ अंशांना २४ आणि ४८ तास ठेवून ६५०/५२० पुन्हा मोजायचं. पेशींच्या आत ग्लुटाथायोन मिलिमोलरच्या घरात असतं आणि तेही थायॉलच, म्हणून ते पेगला हुसकावू शकतं. एका गंधकाऐवजी दोन गंधकांनी धरणारा, म्हणजे लिपोइक आम्लावर आधारलेला पेग घेतला तर पकड बरीच घट्ट होते. महाग असतो, पण जिथे औषध दिवसेंदिवस शरीरात राहणार तिथे तोच घ्यावा असं आमचं मत.

फँटम

फँटम म्हणजे प्राण्याच्या किंवा माणसाच्या जागी स्कॅन करायचं नमुन्याचं भांडं. सोनं मिलिलिटरला ०, ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिग्रॅम, सोबत त्याच सांद्रतांचं आयोडीन. लहान नळ्यांत भरायचं आणि नळ्या पाण्याच्या फँटममध्ये बसवायच्या. हवेत उभ्या करू नयेत, कडांचा त्रास होतो. ८०, १००, १२० आणि १४० केव्हीपीला स्कॅन. मोजायचं वर्तुळ नळीच्या भिंतीपासून आत घ्यायचं आणि बुडबुडा दिसला तर तो काप सोडून द्यायचा. जास्त सांद्रतेच्या नळ्या एकमेकींसमोर ठेवल्या तर मधल्या पाण्यात काळे पट्टे उमटतात. ते बीम हार्डनिंग, म्हणजे बीममधले कमी ऊर्जेचे फोटॉन वाटेतच गळून गेल्याचा परिणाम. आलेखाचा उतार हाच निकाल: मिलिग्रॅममागे किती हाउन्सफील्ड. सरळ रेष ८ ला वाकली तर नळीच्या तळाशी काही बसलंय का, ते आधी बघा.

सांद्रता आयसीपीवर (मूलद्रव्याचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) ठरवायची, स्पेक्ट्रमवरून नाही. नमुना अम्लराजात पचवायचा आणि स्टँडर्ड हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचे. नुसत्या नायट्रिकमध्ये सोनं नळ्यांच्या भिंतीला चिकटतं आणि पुढच्या नमुन्यात उतरतं. दाट नमुन्यानंतर ब्लँक खाली येईपर्यंत धुवत राहायचं, कितीही कंटाळा आला तरी.

प्राण्यात

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी कामाच्या सुरुवातीलाच मागावी, द्रावण तयार झाल्यावर नाही. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली. त्यांत आकार, पृष्ठभाग आणि शरीरातलं वाटप याबद्दल काय मागितलंय ते आधी वाचलं तर नंतर प्रयोग पुन्हा करावे लागत नाहीत.

लहान प्राण्यांचे मायक्रो-सीटी बऱ्याचदा ५० ते ७० केव्हीपीला चालतात. तिथे सोन्याच्या के-एजचा काहीच संबंध येत नाही, जे दिसतं ते त्याच्या खालच्या ऊर्जेचं शोषण. अशा चित्रावरून रुग्णालयातल्या १२० केव्हीपीबद्दल बोलता येत नाही. फँटमचे आकडे म्हणूनच मोठ्या स्कॅनरवर घ्यायचे आणि उंदराच्या चित्रांतून फक्त कण कुठे आणि किती वेळ राहतात ते बघायचं.

इंजेक्शनआधी एक स्कॅन, नंतर ५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तासांनी. आयोहेक्सॉल काही मिनिटांत मूत्राशयात दिसू लागतं, पेग लावलेलं सोनं मात्र कित्येक तास हृदयाचे कप्पे आणि मोठ्या वाहिन्या उजळ ठेवतं. २४ तासांनी यकृत आणि प्लीहा चमकतात, कारण तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात, आणि तिथून सोनं महिनोन्‌महिने हलत नाही. १९३० च्या दशकातलं थोरोट्रास्ट, म्हणजे थोरियम डायऑक्साइडचं कलिल, असंच यकृतात राहिलं आणि किरणोत्सारी असल्यामुळे त्याने पुढे यकृताचे कर्करोग दिले. सोनं किरणोत्सारी नाही. तरी शिरेतून दिलेला धातू बाहेर पडतो का, हा प्रश्न परीक्षक सर्वांत आधी विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मूत्रपिंडातून जायचं तर एकूण व्यास साधारण ५.५ नॅनोमीटरच्या आत हवा. त्यात ५००० चा पेग बसतच नाही. मग २ नॅनोमीटरचा गाभा आणि ग्लुटाथायोनसारखा तोकडा लेप घ्यावा लागतो. २००६ मध्ये हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १.९ नॅनोमीटरचे कण उंदरांत वापरले ते मूत्रपिंडातूनच गेले, पण मात्रा होती किलोला २.७ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला हे लावलं तर १९ तोळे. आयोडीनच्या नेहमीच्या मात्रेइतकं, म्हणजे ३५ ग्रॅम धरलं तरी साडेतीन तोळे सोनं दर स्कॅनला. म्हणून माणसापर्यंत जायच्या वाटेवर अनेकांनी टँटलम ऑक्साइड धरलं. त्याची के-एज ६७.४ केईव्हीला, १२० केव्हीपीच्या बीमच्या ऐन गर्दीत, आणि धातू सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तिथे गंधक चालत नाही, लेप सायलेनचा (सिलिकॉनच्या संयुगाचा) लागतो. सायलेनची संघनन अभिक्रिया कणांच्या पृष्ठभागापुरती न राहता दोन कणांनाही जोडून टाकते, म्हणून पाण्याचं प्रमाण थेंबाथेंबाने सांभाळावं लागतं. दाट करणं, धुणं आणि फँटम मात्र वर लिहिलं तसंच. मिठाच्या चाचणीचा रंग तेवढा मिळत नाही, कारण टँटलम ऑक्साइड रंगहीन असतं. तिथे प्रत्येक वेळी गाळून, डीएलएस लावूनच बघावं लागतं.